आधी मेल, मग लोकल
वांगणी आणि नेरळच्या मधल्या शेलू स्टेशनात उभं राहिलं की कळतं, रूळ तेच, पण मेल धडधडत पुढे जाते, मग आपली लोकल येते. लिनक्ससारख्या युनिक्स घराण्यातल्या प्रणालींत प्रोग्रामना प्रोसेसरही असाच वाटून घ्यावा लागतो. फक्त तिथे मागच्याला रोखून धरत नाहीत, त्याचा वाटा कमी करतात. मला ही रीत फार आवडते. हा वाटा ठरवतो प्रत्येक प्रोग्रामचा 'नाईस' हा आकडा, लिनक्समध्ये उणे 20 ते 19. जितका मोठा, तितका प्रोग्राम सोशिक. प्रोसेसरच्या एकाच कोअरवर 0 आणि 5 नाईसचे दोन प्रोग्राम सतत राबत असतील, तर लिनक्स त्यांना साधारण 75 आणि 25 टक्के वेळ देतं. दुसरं कुणीच नसेल, तर 19 वालाही अख्खा कोअर वापरतो. आपल्या प्रोग्रामचा आकडा वाढवणं कुणालाही जमतं. कमी करायला मात्र सहसा रूटचा अधिकार लागतो.