शाळकरी मुलांची शोधवही

शाळेतील ‘प्रकल्प’ या शब्दाला घरोघरी जो अर्थ प्राप्त झाला आहे, तो पालकांना सांगण्याची गरज नाही. रविवारी रात्री नऊ वाजता मुलाला एकाएकी आठवते की, उद्या प्रकल्प द्यावयाचा आहे. वडील स्टेशनरीच्या दुकानाकडे धावतात, आई छापील तक्त्यावरची चित्रे कापते, थोरली बहीण मथळे रंगवते आणि मुलगा डिंकाची बाटली धरून उभा राहतो. मजकूर कुठून तरी उतरून घेतला जातो. पूर्वी तो मार्गदर्शिकेतून येई. आता मोबाइलवर विषयाचे नाव टाकले की, यंत्र आयता निबंध हाती देते. दुसऱ्या दिवशी वहीवर ‘छान’ असा शेरा पडतो व ती कपाटात जाते. साऱ्या वहीत मुलाने स्वतः शोधून काढलेली एकही गोष्ट नसते, आणि याचे कोणाला वैषम्यही वाटत नाही.

दोष मुलाचा नव्हे. ‘सयाजीराव गायकवाड यांच्या कार्याची माहिती लिहा’ असे सांगितल्यावर बारा वर्षांच्या मुलाने उतरवून घेण्याखेरीज दुसरे करावे तरी काय? माहिती तयार आहे, निबंधाचा साचाही तयार आहे. शोधण्यासारखे काही उरलेलेच नसते.

या अडचणीतून वाट काढणारी एक पद्धत अमेरिकेतील काही शिक्षक अनेक वर्षे वापरीत आले आहेत. ओहायो राज्यात अध्यापन केलेले टॉम रोमानो यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तिचा पुरस्कार केला. विद्यार्थ्याने एका विषयाचा कसून अभ्यास करावयाचा. परंतु जे कळले ते एका लांबलचक निबंधात न कोंबता पत्र, रोजनिशी, बातमी, संवाद, जाहिरात, यादी, कविता अशा निरनिराळ्या लेखनप्रकारांतून मांडावयाचे. प्रत्येक तुकडा स्वतंत्र, पण सर्वांचा विषय एक. रोमानो यांना ही कल्पना मायकेल ओंडाचे यांच्या बिली द किड या बंडखोरावरील १९७० च्या पुस्तकावरून सुचली.

मराठी वाचकाला मात्र यात परके वाटावे असे फारसे काही नाही. मराठ्यांचा इतिहास एका निबंधात कोठे लिहिलेला आहे? तो बखरीत आहे, शकावलीत आहे, महजरांत आणि कैफियतींत आहे, जमाखर्चाच्या रुमालांत आहे, शाहिराच्या पोवाड्यात आहे. तीच लढाई पोवाड्यात एक दिसते आणि दाणागोट्याच्या हिशोबात दुसरी. दोन्ही वाचल्याशिवाय ती पुरती कळत नाही.

ही पद्धत वर्गात कशी चालेल हे पाहण्यासाठी वडोदऱ्यातील सातवीचा एक वर्ग डोळ्यांपुढे आणावा. विषय अर्थातच सयाजीराव. पण तो इतका मोठा आहे की, मुले त्यात बुडून जातील. म्हणून शिक्षकाचे पहिले काम विषय लहान करण्याचे. महाराजांच्या साऱ्या कारकिर्दीतून त्यांनी एकच वस्तू निवडावी: खेड्यापाड्यांत पाठविली जाणारी पुस्तकांची लाकडी पेटी.

या पेटीमागची हकीकत थोडक्यात अशी. १८६३ मध्ये कवळाणे या खेड्यात जन्मलेला गोपाळराव १८७५ मध्ये दत्तक होऊन वडोदऱ्याच्या गादीवर आला, तेव्हा त्याचे शिक्षण असे फारसे झालेले नव्हते. याच राजाने १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला व १९०६ मध्ये तो साऱ्या राज्याला लागू केला. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड होई. परंतु शाळा सुटल्यावर वाचावयास काही मिळाले नाही, तर शिकलेले अक्षर पुसून जाते, हे ध्यानी येताच ग्रंथालयांचा विचार पुढे आला. अमेरिकेतील ग्रंथालये महाराजांनी पाहिली होती. तिकडील विल्यम बोर्डेन नावाचे ग्रंथपाल १९१० मध्ये वडोदऱ्यास आले आणि १९१३ पर्यंत राहिले. त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची व्यवस्था लावली, ग्रंथपालांचा वर्ग चालविला. गावोगावची ग्रंथालये गावकरी, स्थानिक मंडळ व सरकार यांच्या वाट्याने उभी राहिली. आणि जेथे ग्रंथालय नव्हते तेथे फिरती पेटी जाऊ लागली.

मुलांनी एवढे वाचून, लहान चिठ्ठ्यांवर टिपून घ्यावे. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट आणि तिच्याखाली ती कोठे मिळाली त्याचा उल्लेख. येथपर्यंत नेहमीच्या अभ्यासाहून वेगळे काहीच नाही. लिहावयास बसल्यावर मात्र गंमत सुरू होते.

एका मुलीला वाटते, आपण पेटीतील पुस्तकांची यादी करावी. सोपे काम म्हणून तिने ते पत्करलेले असते. पहिली ओळ लिहिण्यापूर्वीच तिला थांबावे लागते. पेटीत पुस्तके किती मावत? ती गुजराती की मराठी? बायकांसाठी निराळी असत काय? निबंधात ‘पेटीतून विविध पुस्तके पाठविली जात’ एवढ्या वाक्यावर भागले असते. यादीला ‘विविध’ हा शब्द चालत नाही. तिला पुस्तकाचे नाव लागते. ती मुलगी मग मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाते, तेथील काचेच्या फरशीकडे क्षणभर बघत राहते आणि जुन्या सूचीची चौकशी करते. लेखनप्रकारानेच तिला प्रश्न विचारावयास लावले. शिक्षकाला काही बोलावे लागले नाही.

दुसऱ्याला पेटीचा प्रवास लिहावयाचा आहे. त्याची पेटी डभोईस निघाली. रेल्वेने की बैलगाडीने? शोध घेता त्याला कळते की, डभोई ते मियागाम ही अरुंद रुळांची वाट १८६२ मध्येच सुरू झाली आणि आरंभी त्या रुळांवरून गाड्या बैल ओढीत. बैलांची आगगाडी! सातवीच्या मुलाला याहून आनंदाची गोष्ट कोणती? आपल्या पेटीला त्याच बैलांच्या गाडीत बसवावे असा मोह त्याला होणारच. पण पेटी १९१० नंतरची आणि त्या वाटेवर इंजिन आले १८७३ मध्ये. मोह आवरून त्याला बैल सोडून द्यावे लागतात. सनावळी पाठ करण्याचा ज्याला कंटाळा आहे, तोच मुलगा एका सनासाठी असा हळहळतो.

आणि एक मुलगा अर्ज लिहावयास घेतो. हा प्रकार सर्वांत कठीण व सर्वांत मोलाचा आहे. अर्जदार एक शेतकरी. मुलगा शाळेत न पाठविल्याबद्दल त्याला दंड झाला आहे आणि तो माफ व्हावा अशी त्याची विनंती. प्रथम प्रश्न येतो, अर्ज करावा कोणाकडे? मुलाने ‘कलेक्टरसाहेब’ असे लिहिलेले असते. वडोदे संस्थानात तालुक्याचा अधिकारी वहिवाटदार आणि प्रांताचा सुभा, हे त्याला शोधून काढावे लागते. मग खरा पेच उभा राहतो. आजवर पुस्तकात त्याने वाचलेले असते की, सक्तीचे शिक्षण ही थोर गोष्ट होती. ती होतीच. परंतु अर्जदाराच्या बाजूने लिहावयाचे म्हणजे त्याचे म्हणणे समजून घेतले पाहिजे. गुरे कोणी राखावयाची? पेरणीच्या दिवसांत दोन हात कमी पडले तर वर्ष कसे निघावयाचे? दंडाचे पैसे आणावयाचे कोठून? पोर शिकून वहिवाटदार थोडाच होणार आहे, असेही तो बाप म्हणेल. हे लिहिताना मुलगा अडखळतो आणि शिक्षकाला विचारतो, ‘बाई, मग महाराजांचे चुकले का?’

या प्रश्नाचे उत्तर शिक्षिकेने देऊ नये. तिने एवढेच सांगावे की, आता वहिवाटदाराचे उत्तर लिही. अर्ज आणि त्यावरचा हुकूम एकाच मुलाच्या हातून लिहून झाले म्हणजे ‘सक्तीच्या शिक्षणाचे फायदे व तोटे’ असा तक्ता फळ्यावर लिहून देण्याची गरज राहत नाही.

भाषेचाही एक मुद्दा येथे आपोआप येतो, आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना तो जिव्हाळ्याचा आहे. वडोदे असो, इंदूर असो, बेळगाव असो की हैदराबाद. पुष्कळ मुले मराठी बोलतात, पण लिहीत नाहीत. शाळेचे माध्यम निराळे असते. निबंधाला कोणतीही एक भाषा चालते. पत्राला मात्र ज्याची त्याची भाषा लागते. त्या शेतकऱ्याचा अर्ज गुजरातीतच असणार. पण मध्यवर्ती ग्रंथालयातला कल्पित मराठी कारकून आपल्या आईला पेटीची हकीकत कळवील ती मराठीत. तेव्हा मुलगा आजीकडे येतो. आईला ‘तीर्थस्वरूप’ की ‘सौभाग्यवती’? नमस्कार ‘शिरसाष्टांग’ की ‘साष्टांग’? ‘वि. वि.’ म्हणजे काय? ‘कळावे, लोभ असावा’ हे आईला लिहितात काय? आजी हसते, ट्रंकेतली जुनी पत्रे काढते, आणि त्यांतील एखादे मोडीत निघाले तर तिलाही ते वाचता येत नाही. एवढ्यानेच मूल मराठीत लिहू लागेल असे कोणी समजू नये. पण लिहिण्याला एक कारण तरी मिळते, आणि व्याकरणाच्या पुस्तकात ते मिळत नाही.

आता या पद्धतीतला धोका. तो मोठा आहे, आणि तिच्या उत्साही पुरस्कर्त्यांनी त्याकडे पुरेसे पाहिलेले दिसत नाही. बोर्डेन साहेबांची रोजनिशी एखादी हुशार मुलगी इतकी झोकात लिहील की, वाचणाऱ्याला ती खरीच वाटेल. प्रदर्शनात ती लागेल, कोणी तिचे छायाचित्र घेईल, आणि चार महिन्यांनी तीच रोजनिशी बोर्डेन यांची म्हणून जगभर फिरेल. लबाडी कोणीच केलेली नसते. तरी खोटा कागद जन्मास आलेला असतो.

मराठी इतिहासाने हे दुःख पूर्वी भोगलेले आहे. बखरकार दोन सरदारांमधले एकांतातले बोलणे शब्दशः देतो. ते त्याला कळले कसे, हे विचारण्याची पिढ्यान्‌पिढ्या कोणाला गरज वाटली नाही. १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, पानिपताच्या काळातील अस्सल पत्रे पुढे ठेवली आणि बखरींतील चुका बोट ठेवून दाखविल्या. तेव्हा रसाळ कथन निराळे आणि पुरावा निराळा, हे वाचकांना नीट दिसू लागले. ज्या भाषेत हा वाद एवढ्या तडफेने लढला गेला, त्या भाषेतील मुलांना पुन्हा नव्या बखरी रचावयास शिकविणे खचितच बरे नव्हे.

उपाय साधा आहे. प्रत्येक तुकड्याच्या खाली मुलाने स्वतःच्या शब्दांत एक टीप लिहावी: यातले आधाराने लिहिलेले काय, कल्पनेने घातलेले काय. ‘वहिवाटदार हा अधिकारी खरा, दंडाची पद्धत खरी, हा शेतकरी व त्याची म्हैस माझी.’ टीप नसेल तर तुकडा कितीही सुंदर असो, तो परत करावा. येथे शिक्षकाने दयामाया दाखवू नये. खऱ्या माणसाच्या तोंडी कल्पित वाक्य घालू नये, हा नियम तर पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहावा. बोर्डेन यांची रोजनिशी लिहिण्याऐवजी त्यांच्या वर्गातील एका कल्पित विद्यार्थ्याची लिहिता येते, आणि बहुधा ती अधिक चांगली उतरते.

पन्नास मुलांच्या वर्गात हे कसे जमावे, असा प्रश्न शिक्षक विचारतील, आणि तो रास्त आहे. पन्नास मुलांचे पाच-पाच तुकडे म्हणजे अडीचशे कागद. ते एका रात्रीत तपासून होत नाहीत. सहा-सात मुलांच्या टोळीने मिळून एक वही करावी, प्रत्येकाने एक तुकडा लिहावा, टिपा एकमेकांच्या तपासाव्यात. मुले एकमेकांच्या टिपा शिक्षकांपेक्षा अधिक कठोरपणे तपासतात, ही गोष्ट वेगळी. ज्याला दोन परिच्छेद सलग लिहिता येत नाहीत, त्याने पेटीवर डकवावयाची चिठ्ठी लिहावी, रेल्वेची पावती करावी, हरवलेल्या पुस्तकाची नोटीस लिहावी. त्या लहानशा नोटिशीतही तारीख, गाव व पुस्तकाचे नाव शोधावेच लागते.

पेटी वडोदऱ्याची, इतर गावांच्या वस्तू निराळ्या. गोव्यातील मुलांनी फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ घ्यावे. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा ते रोमन लिपीत छापले गेले, पण त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. हस्तलिखितांमुळे ग्रंथ वाचला. हरवल्याची नोटीस लिहावयास याहून चांगला विषय कोणता मिळणार?

शेवटी तुकडे जुळविण्याचे काम उरते, आणि ते शिक्षकाने स्वतःकडे घेऊ नये. यादी आधी की प्रवास आधी? हुकूम अर्जाच्या नंतरच यावा, असे हुकूम लिहिणारा म्हणतो. ग्रंथपेटी गावात पोहोचल्यावरच अर्ज लावावा, म्हणजे दंड झालेल्या बापाचा मुलगा पुस्तक हातात घेतलेला दिसेल, असे यादीवाली मुलगी म्हणते. तसे झाले होते याला आधार काय, असे तिसरा विचारतो. मग ते दोघे पुन्हा चिठ्ठ्यांचा गठ्ठा सोडतात, आणि तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू येत नाही.