धर्माचा रकाना



गणिताच्या तासाला पहिल्या बाकावर आणि इतिहासाच्या तासाला शेवटच्या बाकावर बसणारी मी आज इतिहासावर बोलणार आहे. सरांनी सांभाळून घ्यावं.

माझं काम सॉफ्टवेअरचं. फॉर्ममध्ये एखादा रकाना सक्तीचा केला आणि एकच पर्याय निवडायची मुभा ठेवली, की माणसाला कुठेतरी बसावंच लागतं, मग तो तिथे मावो न मावो. म्हणूनच ब्रिटिशांच्या जनगणनेविषयी वाचताना मी थबकले.

१८८१पासून देशभर दर दहा वर्षांनी शिरगणती होऊ लागली. प्रत्येकाचा धर्म नोंदला जाई. १९११ साली मुंबई इलाख्याच्या अधिकाऱ्यांपुढे गुजरातेत पेच पडला. तिथले मतिया कणबी पिराण्याच्या इमामशहा पिरांना मानत, मृतांना पुरत. पण मुख्य विधींना ब्राह्मण बोलावत. हिंदू म्हणावं की मुसलमान? अधिकाऱ्यांनी अशा लोकांसाठी ‘हिंदू-मुहमदन’ असा वेगळा गट केला. तो जनगणना आयुक्तांना पसंत पडला नाही. त्यांच्या मते, या लोकांना कुठल्यातरी एका बाजूला टाकायला हवं होतं.

नुसती मोजणी असती तर फार बिघडलं नसतं. पण पुढे संख्येला सत्ता जोडली गेली. बहुसंख्याकांपुढे आपला आवाज दबेल, या धास्तीने १९०६ साली आगाखानांच्या नेतृत्वाखाली मुस्लिम पुढाऱ्यांचं शिष्टमंडळ शिमल्याला व्हाइसरॉयना भेटलं. १९०९च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी विभक्त मतदारसंघ दिले. त्या जागांवर मुस्लिम प्रतिनिधी मुस्लिम मतदारच निवडणार. शेजारी राहणाऱ्या दुसऱ्या धर्माच्या माणसाचं मत मागायला त्याच्या दारी जायचं कारणच उरलं नाही. १९१६च्या लखनौ करारात काँग्रेसनेही हे मतदारसंघ मान्य केले.

मात्र सगळं खापर इंग्रजांवर फोडून आपल्याला मोकळं होता येणार नाही. १८९३च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली, तेव्हा विभक्त मतदारसंघ नव्हते. त्याआधी पुण्यात मोहरमच्या ताबुतांत हिंदूही हौसेने भाग घेत. दंगलीनंतर लोकमान्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिलं, समाज संघटित झाला. पण त्याच काळात ताबुतांतले हिंदू कमी होत गेले. मशिदीवरून वाजत जाणाऱ्या मिरवणुका हा तंट्याचा विषय झाला. तेढ होती, सलोखाही होता. सरकारच्या व्यवस्थेत मात्र तेढीला जागा मिळाली, सलोख्याला रकाना नव्हता.

हे आज इथे का सांगते आहे? आपल्या बॅचच्या ग्रुपवर मध्यंतरी ‘तुमच्या लोकांनी’, ‘आमच्या लोकांनी’ अशा भाषेत इतिहासाचे मेसेज फिरले. त्यानंतर आपली एक मैत्रीण काही न बोलता ग्रुप सोडून गेली. आपल्यापैकी अनेकांनी तिच्या डब्यातला शिरखुर्मा खाल्लेला आहे. आज ती आलेली नाही.

मतभेद जरूर असावेत. पण शंभर वर्षांपूर्वीच्या भांडणाचा हिशेब दहावीच्या वर्गमैत्रिणीकडे मागू नये, एवढीच विनंती. तिचा नंबर माझ्याकडे आहे. जेवणाच्या सुट्टीत मी फोन लावणार आहे. ज्यांना तिच्याशी बोलायचं असेल त्यांनी माझ्याजवळ यावं.