कयाधूच्या काठी आपले स्वागत



रिक्षावाल्याने आपल्याला पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा अशी नावे ऐकवली असतील. घाबरू नका. निजामाच्या काळी इथे हिंगोलीत लष्करी छावणी होती. फौज गेली, मोहल्ले राहिले.

जांघेच्या दुखापतींवरची परिषद हिंगोलीतच का, असे मी कुणाला विचारले नाही. उत्तर मला ठाऊक आहे: विसोबा खेचर! नरसीचे नामदेव सर्वांना माहीत. त्यांना गुरू विसोबा भेटले ते औंढ्याच्या शिवमंदिरात, हे किती जणांना? कथा अशी की, विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, देव नसेल तिथे तूच उचलून ठेव. नामदेव ठेवतील तिथे पिंड! पाय उचलून जपून ठेवण्याचा याहून जुना दाखला कुणाकडे असेल, तर त्यांनी हात वर करावा. विसोबांना आम्ही नामदेवांच्या सावलीतच ठेवले, ही माझी जुनी तक्रार.

तरुणपणी कबड्डीत पकड सोडवताना माझी जांघ भरली. जागा अशी की आईला सांगता येईना, मास्तरांना दाखवता येईना. हळद-तेल लावून महिनाभर पडून राहिलो. उठल्यावर पहिल्याच चढाईत पुन्हा तेच. आता डॉक्टर सांगतात, मांडी आत ओढणारे स्नायू झोपून बळकट होत नाहीत. डेन्मार्कच्या होल्मिक यांनी 1999 साली जांघदुखी मुरलेल्या खेळाडूंवरचा अभ्यास छापला. व्यायाम करणाऱ्या 29 पैकी 23 जण दुखण्याविना पूर्वीसारखे खेळू लागले. मालीश, ताण आणि यंत्रोपचार घेणाऱ्या 30 पैकी फक्त 4. सुरुवात कशाने? पायांत चेंडू धरून दाबायचा! आमचा जिल्हाही त्याच वर्षी, 1 मे रोजी, परभणीतून वेगळा झाला. योगायोग तुम्ही म्हणा.

वसमतच्या हळदीवर माझा राग नाही. तुमच्या पिशवीत एकेक पुडा आहे, स्वयंपाकासाठी.

आता माफी. काल रात्री वीज गेली, कार्यालयात गाद्या कमी पडल्या, पाहुण्यांना अंघोळीचे पाणी गार मिळाले. मोंढ्यातल्या अडत्यांनी धान्य दिले, मंडपवाल्याने भाडे सोडले, बचत गटाच्या भगिनी पहाटे चारपासून भाकरी थापताहेत. कुणाचे नाव राहिले तर तो दोष माझ्या वयाचा.

औंढ्याची गाडी संध्याकाळी सहाला फाटकातून सुटेल. दर्शनाला येणाऱ्यांनी जेवणाच्या टेबलाजवळ नाव नोंदवावे.