रोग परत येईल काय?

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, टाके सुकले, गाठ समूळ निघाल्याचा निर्वाळा मिळाला, म्हणजे रुग्ण स्त्रीच्या आणि तिच्या घरच्यांच्या मनात एकच प्रश्न उरतो : रोग परत येईल काय? हा प्रश्न केवळ काळजीपोटी आलेला नसतो. पुढे रसायनोपचार, ज्याला रुग्णालयात सर्रास ‘केमो’ म्हणतात तो, घ्यावयाचा की नाही, हे त्याच्या उत्तरावर ठरते. केस गळतात, तोंड येते, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, रोजगार बुडतो आणि पुष्कळदा घरातले दागिनेही मोडावे लागतात. इतके सोसून जर काही पदरात पडणारच नसेल, तर ते सोसावे कशासाठी?

मिलान येथील बोनादोन्ना यांनी १९७६ साली दाखवून दिले की, शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांचा एकत्रित उपचार दिल्यास रोग उलटण्याचे प्रमाण घटते. तो शोध मोठाच होता. परंतु त्यानंतरच्या दशकांत हा उपचार सरसकट दिला जाऊ लागला. संप्रेरकांवर पोसणारा आणि काखेतील गाठींपर्यंत न पोहोचलेला कर्करोग घेतला, तर शंभर स्त्रियांपैकी जेमतेम चार-पाच जणींना त्याचा खरा लाभ होई. उरलेल्यांचे भले शस्त्रक्रियेने आणि संप्रेरकविरोधी गोळ्यांनीच झालेले असे. त्या चार-पाच जणी कोणत्या, हे ओळखता येत नसल्यामुळे सर्वच जणी सोशीत राहिल्या.

गाठीचा आकार, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी तिची प्रत आणि काखेतील गाठींची स्थिती, ही डॉक्टरांची जुनी मापे. ती खोटी नव्हेत. मात्र तिन्ही मापे तंतोतंत सारखी असलेल्या दोन स्त्रियांपैकी एकीचा रोग कायमचा जातो आणि दुसरीचा तीन वर्षांनी हाडांत उगवतो, याचा उलगडा त्यांतून होत नाही. तो उलगडा जनुकांत शोधावा लागला. शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत सुमारे २० हजार जनुकांची तीच पोथी असते. परंतु कोणत्या पेशीत कोणता अध्याय मोठ्याने वाचला जातो आणि कोणता मिटलेला राहतो, यावर पेशीचे वर्तन ठरते. या वाचनालाच जनुकाविष्कार म्हणतात. आक्रमक गाठीतले वाचन शांत गाठीहून निराळे असते.

ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांनी २००२ साली ७० जनुकांचा असा ठसा प्रसिद्ध केला. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातून २१ जनुकांची चाचणी पुढे आली. तिचा कस २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका विशाल अभ्यासात लागला. त्यात १० हजारांहून अधिक स्त्रिया सहभागी होत्या. मधल्या गुणांकाच्या स्त्रियांना रसायनोपचार न देताही नऊ वर्षांनंतरचा निकाल तितकाच चांगला आढळला. अपवाद एवढाच की, पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांत याच मधल्या गटाच्या वरच्या टोकाला उपचाराचा काही लाभ दिसला. भारतीय कानांनी हा अपवाद नीट ऐकावा, कारण पाश्चात्त्य देशांच्या मानाने भारतात हा रोग सुमारे दहा वर्षे आधी गाठतो.

आणखी अडचण पैशाची. गाठीचा तुकडा अमेरिकेला धाडावयाचा आणि लाखांच्या घरातला खर्च सोसावयाचा, हे किती कुटुंबांना परवडणार? या अडचणीवरचे एक उत्तर बंगळूरात तयार झाले. मुंबईच्या जमशेटजी टाटांच्या दानातून उभ्या राहिलेल्या तेथील भारतीय विज्ञान संस्थेत ज्यांनी संशोधन केले, त्या डॉ. मंजिरी बाकरे यांनी २०११ साली ‘ऑन्कोस्टेम डायग्नोस्टिक्स’ ही कंपनी स्थापिली. तिची ‘कॅनअसिस्ट ब्रेस्ट’ ही चाचणी २०१६ पासून उपलब्ध झाली.

या चाचणीतील शहाणपण तिच्या साधेपणात आहे. जनुकाचा संदेश वाहणारा आरएनए नाजूक. मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेल्या तुकड्यात तो तुटतो. त्या संदेशावरून घडणारी प्रथिने त्या मानाने टिकाऊ. म्हणून येथे संदेशाऐवजी पाच प्रथिने मोजली जातात. त्यांतील एक सीडी ४४. एबीसीसी ४ आणि एबीसीसी ११ ही दोन पेशीत शिरलेले पदार्थ, औषधेसुद्धा, बाहेर उपसणारे जणू पंपच. उरलेली मोजमापे कॅडहेरिन कुळातील, म्हणजे पेशीला शेजारच्या पेशीशी जखडून ठेवणाऱ्या प्रथिनांची; ही जखडण बदलली की पेशी भटकू लागते. प्रतिपिंडांच्या साह्याने तुकड्यावर रंग चढवावयाचा, तो किती गडद हे पाहावयाचे, ही रीत विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळांत जुनीच. या पाचांत आकार, प्रत आणि काखेतील गाठी ही जुनी तिन्ही मापे मिळवून संगणक ० ते १०० मधला एक गुणांक काढतो. तो १५.५ पर्यंत असला तर धोका कमी, वर गेला तर अधिक.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पडताळणीत ८५७ रुग्णांचे जुने तुकडे तपासले गेले. त्यांपैकी १९५ जणींना केवळ संप्रेरकविरोधी औषधे मिळाली होती. चाचणीने कमी धोक्याच्या ठरविलेल्या गटात पाच वर्षांत १०० पैकी ९५ जणींचा रोग दूरच्या अवयवांत पसरला नव्हता. अधिक धोक्याच्या गटात हेच प्रमाण ८० होते. फरक ठळक आहे. तरीही कमी धोक्याच्या गटातील पाच जणींना रोगाने गाठलेच, आणि अधिक धोक्याच्या गटातील बहुसंख्य त्यातून सुटल्या. गुणांक गटाविषयी बोलतो. समोर बसलेल्या एका स्त्रीविषयी तो केवळ शक्यता सांगतो.

शिवाय ९५ हा आकडा गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांचा आहे. कमी धोक्याचा कागद हाती आला म्हणून जी रोजची गोळी वर्षभरात सोडून देते, तिला तो आकडा लागू पडत नाही. संप्रेरकांवर पोसणारा हा कर्करोग दहा-पंधरा वर्षांनीही डोके वर काढतो, आणि बंगळूरच्या चाचणीचे भाकीत पहिल्या पाच वर्षांपुरते आहे. म्हणून रसायनोपचार टळलेल्या स्त्रीनेही गोळी आणि दरवर्षीची तपासणी चालूच ठेवावयाची असते.