अर्धांगाच्या रोग्याचे भाकीत आणि घरची सून



मी सातवी शिकलेली बाई, भाषणाचा मला सराव नाही. पण घरात अर्धांगवायूच्या रोग्याची सेवा केली आहे, तेव्हा त्यावर चार शब्द सांगावेत असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, म्हणून उभी राहिले आहे.

घरात झटका आला की पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न, "पुन्हा उठतील ना?" आमच्या नेवासे तालुक्यात मामंजींच्या वेळी याची उत्तरे न विचारताच मिळाली. एक सोयरे म्हणाले, "आता कायमचे अंथरूण. नातीला शाळेतून काढा, सेवेला कोणी हवे." दुसरे म्हणाले, "कबुतराचे रक्त चोळा, महिन्यात मळ्यात जातील." दोघेही अगदी खात्रीने बोलत होते. आणि अशा बोलण्यावरच घरे आपले निर्णय घेतात!

नगरच्या इस्पितळात तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मामंजींना दोन गोष्टी करायला सांगितल्या. दंड बाजूला उचला आणि बोटे उघडा. मेंदूतून हाताकडे येणारी वाट थोडी तरी शाबूत आहे का, ते यावरून कळते. नेदरलंडमध्ये १८८ रोग्यांचा असा अभ्यास झाला व तो २०१० साली प्रसिद्ध झाला. पहिल्या ७२ तासांत ज्यांना या दोन्ही हालचाली थोड्या जमल्या, त्यांचा हात सहा महिन्यांत काही तरी कामाचा होण्याची शक्यता शंभरात ९८ निघाली. ज्यांना जमल्या नाहीत, त्यांची २५. चालण्याचा अंदाज निराळा. त्यासाठी रोग्याला आधारावाचून बसता येते का आणि पायात जोर किती, हे पाहतात.

आता ते २५ नीट ध्यानात घ्या. चौघांतल्या एकाचा हात येतो, पण तो एक आपलाच माणूस की दुसऱ्याचा, हे तिसऱ्या दिवशी कोण सांगणार? न्यूझीलंडमधल्या ऑक्लंडच्या संशोधकांनी या तपासणीला वय, आजाराची तीव्रता आणि चुंबकाच्या यंत्राने केलेली मेंदूची परीक्षा यांची जोड दिली. तरी २०१७ साली त्यांचा अंदाज सुमारे चारांत तिघांचाच बरोबर ठरला. मग सोयऱ्यांच्या भाकिताची काय कथा!

मामंजींची बोटे हलली नव्हती, पण ते आधारावाचून बसत होते. डॉक्टर म्हणाले, "पायाची आशा बरी आहे, हाताची कमी. पण आजच मोठे निर्णय घेऊ नका." आम्ही नातीची शाळा चालू ठेवली. गाय मात्र खर्चापायी विकावी लागली. आज मामंजी काठी घेऊन ओट्यापर्यंत येतात. हात आला नाही.

तेव्हा मला तोंडावर ऐकावे लागले, "सुनेने नीट चोळले असते, तर हात आला असता." भगिनींनो, हे बोलणे किती घरांत होत असेल! आपल्याच देशात १४ इस्पितळांत १२५० रोग्यांवर एक मोठी पाहणी झाली. नेहमीच्या उपचारांखेरीज घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला. २०१७ साली निष्कर्ष आला, सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणून सेवा सोडायची असे नव्हे. कूस बदलणे, पाठीला जखम होऊ न देणे, घास नीट भरवणे, धीर देणे, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करवणे हे सगळे हवेच. पण हात आला नाही, तर तो सुनेचा गुन्हा नव्हे. मेंदूला किती इजा झाली, यावर पुष्कळसे ठरून गेलेले असते.

तेव्हा तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले की १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी असेल तर ती विरघळवण्याचे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते. पुढे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, हाताचे काय, पायाचे काय, पुन्हा केव्हा तपासणार? आणि एखादी सून रोग्याजवळ दमून बसलेली दिसली, तर तिला दोष देण्याऐवजी तासभर तिची जागा घ्या.