हिल्डे मांगोल्ड आणि उल्लेखांचा हिशेब



या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, संतवाङ्मय यांवर आपण पुष्कळ ऐकले आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टराने एका प्राणिशास्त्रज्ञ बाईवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण हा विषय माझ्या घरातूनच निघाला.

माझी पुतणी कोंबडीच्या गर्भाच्या वाढीवर संशोधन करते. गेल्या दिवाळीत फराळाला बसलो असता मी तिला विचारले, "तुझा एच-इंडेक्स किती झाला गं?" हा शब्द मी नुकताच वाचला होता. "दोन, काका," ती म्हणाली. मी लगेच ओळखीतल्या एका मुलाचा अठरा असल्याचे सांगितले. ती ताट तसेच ठेवून उठली. तिची फेलोशिप मार्चमध्ये संपणार होती आणि पुढच्या प्रत्येक अर्जात हाच आकडा भरावा लागणार होता, हे मला नंतर कळले. पस्तीस वर्षे रोग्यांचे ऐकून घेणाऱ्या मला घरच्या लेकीचे ऐकता आले नाही.

हा आकडा हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली सुचवला. तुमच्या दहा निबंधांचा इतरांनी प्रत्येकी निदान दहा वेळा उल्लेख केला, तर तुमचा एच-इंडेक्स दहा. हिशेब सोपा आहे. परत जाताना पुतणीने माझ्या टेबलावर एका चिठ्ठीवर नाव लिहून ठेवले: हिल्डे मांगोल्ड.

हिल्डेचा जन्म 1898 चा, जर्मनीतला. फ्रायबुर्गला हान्स श्पेमान यांच्या हाताखाली तिने डॉक्टरेटचे काम केले. न्यूट हा पाण्यात राहणारा, बेडकाच्या वर्गातला शेपटीवाला प्राणी. त्याचा गर्भ मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा. काचेच्या बारीक सुईने फिकट जातीच्या गर्भाच्या पाठीकडचा एक कण काढायचा आणि गडद जातीच्या गर्भाच्या पोटाकडे लावायचा. त्या काळी अँटिबायोटिक्स नव्हती. शेकडो गर्भांतून फार थोडे टिकले. निबंधात सविस्तर वर्णन पाच-सहांचेच आहे. मी जैन घरातला. जिवांवरचे असे प्रयोग वाचताना मन कचरते, हे लपवत नाही.

पण जे टिकले, त्यांच्या पोटाकडे दुसरी पाठ, दुसरा मज्जारज्जू तयार झाला. रंगांच्या फरकामुळे त्याहून मोठी गोष्ट दिसली. हा दुसरा देह बराचसा गडद, म्हणजे यजमान गर्भाच्याच पेशींचा होता. बाहेरून आलेल्या कणाने शेजाऱ्यांना कामाला लावले होते. त्या कणाला 'संघटक' हे नाव मिळाले.

निबंध 1924 साली छापून आला. प्रयोगाची कल्पना श्पेमान यांची, हात हिल्डेचे. तिचे सहाध्यायी व्हिक्टर हँबर्गर यांचा प्रबंध त्यांच्या एकट्याच्या नावाने निघाला. हिल्डेच्या निबंधावर मात्र गुरूंचे नाव आधी आले आणि तिला ते लागले, असे हँबर्गर यांनीच पुढे नोंदवले आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वयंपाकघरातल्या स्टोव्हचा भडका उडून ती भाजली आणि गेली. वय पंचवीस, मागे तान्हा मुलगा. 1935 साली याच शोधासाठी श्पेमान यांना नोबेल मिळाले.

आता हिशेब करा. तो एक निबंध, आणि तिच्या अपुऱ्या कामावरचा मृत्यूनंतर निघालेला एक लेख. एच-इंडेक्स निबंधांच्या संख्येपेक्षा मोठा होऊच शकत नाही. म्हणून हिल्डेचा आकडा दोनच्या वर कधीच जाणार नाही, माझ्या पुतणीइतकाच. त्या कणातून कोणती द्रव्ये निघतात, हे उलगडायला 1990 चे दशक उजाडावे लागले. शिवाय शोध पाठ्यपुस्तकात मुरला की त्याचा उल्लेख करणेच लोक सोडून देतात, असे समाजशास्त्रज्ञ मर्टन यांनी दाखवले आहे. मग मोजणार काय?

आकडा खोटा आहे, असे मी म्हणत नाही. शेकडो अर्ज पुढ्यात असलेल्या निवड समितीला काहीतरी माप लागतेच. पण थर्मामीटर ताप दाखवतो, रोगी दाखवत नाही. आमच्यात अनेकांतवाद लहानपणीच शिकवतात: एका बाजूने दिसते ते खरे असते, पण पुरते नसते. शिकलो होतो, वापरले नव्हते.

मी पुतणीला फोन केला. आधी माफी मागितली, मग विचारले, "सध्या कोणता प्रश्न सुटत नाहीये?" ती पाऊण तास बोलली. मला निम्मे कळले. तिची पुढची नोकरी अजून ठरलेली नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी मुले-मुली आहेत. यंदा दिवाळीला ती आली की किती छापले, हे विचारण्याआधी काय शोधताय, एवढे विचारा. आणि उत्तर पुरते ऐका.