न रडणाऱ्या बाळाचं दुखणं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



पाचवीत शाळेत लस टोचायला डॉक्टर आले होते, आठवतं? माझा नंबर आला तेव्हा बाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "सतराचा पाढा म्हण." पाढा निम्मा होईपर्यंत सुई निघालीसुद्धा!

आज मी नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. किलो-सव्वा किलोची, दिवस न भरलेली बाळं. तपासणीसाठी त्यांची टाच पुन्हा पुन्हा टोचावी लागते. नोकरीच्या सुरुवातीला माझं लक्ष फक्त रक्ताच्या थेंबाकडे असे. बाळ रडलं नाही की आम्ही म्हणायचो, "किती शहाणं!" ते शहाणं नव्हतं. रडायचं बळच त्याच्यात नव्हतं.

एके काळी डॉक्टरही मानत की इतक्या लहान बाळांना वेदना फारशा कळत नाहीत. शस्त्रक्रियेतसुद्धा त्यांना पुरेशी भूल दिली जात नसे. इंदूरला शिकलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये संशोधन करून १९८७ साली दाखवून दिलं, की वेदनाशामक औषध दिलेली अशी बाळं शस्त्रक्रियेचा ताण अधिक चांगला सोसतात.

आता मी आधी चेहरा पाहते. कपाळाला आठी, घट्ट मिटलेले डोळे, मॉनिटरवर वाढलेले ठोके, उतरलेला ऑक्सिजन: हेच त्याचं रडणं. टोचण्याआधी दोनेक मिनिटं जिभेवर आईच्या दुधाचे किंवा मोजून साखरपाण्याचे थेंब देतो. हातपाय पोटाशी घेऊन धरतो. शक्य असेल तर आईच्या उघड्या छातीवर ठेवूनच टोचतो. मोठ्या प्रक्रियेला मात्र औषधच लागतं. आणि सगळ्यात आधी विचारतो, ही सुई खरंच हवी आहे का?

एक आई काचेपाशी नुसती उभी असायची. "माझ्या हातानं काय होणार?" म्हणाली. मी तिचा एक तळवा बाळाच्या डोक्यावर, दुसरा पायांशी ठेवला आणि टाच टोचली. आठी उमटली, पण लगेच विरली. दुसऱ्या दिवसापासून तीच विचारू लागली, "सिस्टर, आज किती वाजता टोचणार?"

तुमच्या घरात असं बाळ आलं, तर संकोच न करता विचारा, "टोचताना मी जवळ थांबू का?" आम्हाला राग येणार नाही.

बाई, तुम्ही समोर बसला आहात. तो हात मी विसरलेले नाही. या बाळांना पाढे येत नाहीत, पण हात कळतो.